राणीचा मुकुट, गायब झालेले ठिपके आणि एक मधमाशी

या वेळी तिन्ही पत्रं घडीच्या चाकूंवरच्या छापांबद्दलच आलीयेत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून एक घडीचा चाकू घेतला. पात्याच्या बुडाशी जोसेफ रॉजर्स अँड सन्स असं इंग्रजीत आहे, वर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, शिवाय एक चांदणी आणि क्रॉस. विकणारा म्हणाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे, एकदम ओरिजिनल. पातं अजून आरशासारखं चकचकीत आहे, एक डाग नाही. खरा असेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : दादा, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत, ती म्हणजे ‘एक डाग नाही’. छाप नंतर बघू, आधी स्टील बघा. राणी वारली १९०१ मध्ये आणि शेफील्डच्या (इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांचं शहर, रॉजर्सही तिथलेच) हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील काढलं १९१३ मध्ये, त्यामुळे पातं स्टेनलेस निघालं तर त्यावरचा मुकुट कितीही देखणा असला तरी राणीच्या हयातीत काही तो तिथे उमटलेला नाही. चुंबक लावून ठरवू नका हां, चाकूचं स्टेनलेस बहुतेक वेळा चुंबकाला चिकटतंच. त्यापेक्षा चाकू अर्धा उघडून टॉर्च मारा आणि आत सांध्यात, स्प्रिंगच्या आतल्या बाजूला बघा, जुन्या कार्बन स्टीलला तिथे काळपटपणा आणि बारीक गंज असतोच, बाहेरून कोणी कितीही पॉलिश मारलं तरी आत चाक पोचत नाही.

आता छाप. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची खरीच खूण, अठराव्या शतकापासूनची. शेफील्डमध्ये कटलर्स कंपनी म्हणून कारागिरांची संस्था १६२४ पासून आहे, कोणाची खूण कोणती याची नोंद तीच ठेवायची. मुकुटाच्या बाजूची अक्षरं राजा-राणीप्रमाणे बदलायची : व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. नंतर एडवर्डचं ई आर, आणि १९१० पासून जॉर्जचं जी आर. इथे एक गंमत चालते, जी आर दिसलं की विकणारे सरळ तिसऱ्या नाहीतर चौथ्या जॉर्जचं नाव घेतात म्हणजे १८३० च्या आधीचा काळ, आणि किंमत एकदम चढते. हाताला येणारे जी आर चाकू जवळजवळ सगळे १९१० नंतरचे असतात. अजून एक, पात्यावर ‘इंग्लंड’ शब्द आहे का बघा. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती केली, ती १८९१ पासून लागू झाली, तेव्हापासून शेफील्डच्या मालावर हा शब्द सर्रास दिसायला लागतो. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण असेल तर साधारण विसावं शतक धरा, आणि त्याच्या शेजारी व्ही आर असेल तर मी तरी हात आखडता घेईन.

पण अक्षरं काय, कोणीही पाडू शकतो. ती कशी पाडलीयेत ते बघायला दहापट भिंग घ्या, घड्याळवाल्याकडे असतं तसलं. खरा ठसा पातं कडक करायच्या आधी, स्टील मऊ असताना पोलादी पंचने मारलेला असतो आणि घासाई-पॉलिश त्यानंतर होते, म्हणून अक्षरं खोल असली तरी त्यांच्या काठाचा भाग सपाट लागतो. नख फिरवल्यावर काठ उचललेला लागला तर ठसा तयार चाकूवर मागाहून मारलाय असं समजा. ॲसिडने पाडलेली अक्षरं उथळ असतात आणि सगळीकडे एकाच खोलीची. लेझरची तर कडेला करपल्यासारखी दिसतात. आणि माझा स्वतःचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे गंजाचे खड्डे. जुन्या चाकूत गंज अक्षराचा मुलाहिजा ठेवत नाही, खड्डा अक्षराच्या काठातून आरपार जातो, काठ खातो. आजूबाजूला खड्डेच खड्डे आणि त्यांच्यावरून अक्षर मात्र धारदार स्वच्छ गेलंय, म्हणजे आधी गंज आणि मग नाव!

एवढं करूनही एक फट राहते. रॉजर्सच्या नावाची नक्कल आजची नाही, एकोणिसाव्या शतकातच ती जोरात होती, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गाळून मिळतंजुळतं नाव टाकायचे, आणि जर्मन मालावर शेफील्ड छापून तो विकला जायचा, या भानगडीमुळेच ब्रिटनने १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा केला. म्हणजे चाकू सव्वाशे-दीडशे वर्षं जुना आहे, गंज खरा आहे, आणि तरीही नकली आहे, असं होऊ शकतं. म्हणून नावातलं एकेक अक्षर वाचा, रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डी’ पाहिजे. उलट बाजूने, रॉजर्स हे नाव अजून बाजारात आहे आणि नवे चाकू निघतात, ते खरे रॉजर्सच, फक्त जुने नाहीत.

पातं बदललेलं आहे का तेही बघून घ्या, सांध्याची पिन नवी चमकणारी आणि मूठ जुनी म्हटल्यावर कोणीतरी तो खोललाय. आणि कृपा करून चिंच, पितांबरी असलं काही लावू नका, थोडं मशीनचं तेल आणि मऊ फडकं बास. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर विकायच्या आधी वकिलाला विचारा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, ‘आजोबांचा होता’ म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका.

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. नवऱ्याला केस या अमेरिकन कंपनीचे पॉकेट नाइफ जमवायचं वेड आहे. फ्ली मार्केटमध्ये ट्रॅपर घडणीचा एक चाकू मिळतोय, पात्यावर नुसतं ‘केस एक्सएक्स’ आहे, खाली काहीच नाही, मागे ६२५४. विकणारा म्हणतो १९६५ च्या आधीचा, म्हणून महाग. वाढदिवसाला घेऊ का?
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : ताई, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या या केस कंपनीने तारखेचा हिशोब पात्यावरच लिहून ठेवलाय, आणि म्हणूनच त्यात हातचलाखीही फार होते. नुसतं ‘केस एक्सएक्स’ हा ठसा साधारण १९४० ते १९६४ चा. १९६५ ते ६९ खाली ‘यूएसए’ आलं. १९७० ला त्याखाली दहा ठिपके टाकले आणि दरवर्षी एक कमी करत गेले, म्हणजे १९८० मधून ठिपके वजा केले की साल मिळतं, सात ठिपके म्हणजे १९७३. आता लबाडी कशी करतात बघा : ठिपके घासून टाकले की चाकू साठच्या दशकात गेला, यूएसए पण घासलं की चौसष्टच्या मागे. नवीन काही कोरायला लागत नाही, नुसतं पुसायचं, आणि राहिलेली अक्षरं अस्सल असल्यामुळे भिंगाखाली ती पासच होतात. म्हणून अक्षरं नाही, अक्षरांखालची मोकळी जागा बघा. तिथे आडवा प्रकाश टाकला तर किंचित खळगा दिसतो, किंवा घासल्याच्या रेघा बाकी टँगपेक्षा (टँग म्हणजे पात्याचं बूड, जिथे ठसा असतो) वेगळ्या दिशेने जातात. दुसऱ्या पात्याच्या टँगशी जाडी ताडून बघा, आणि पातं बोल्स्टरच्या, म्हणजे मुठीच्या टोकाला असलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या, मधे त्या बाजूला सैल बसतंय का तेही.

६२५४ चा अर्थ सोपा आहे : ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा ट्रॅपरचा पॅटर्न. मूठ पिवळी असेल तर आकडा ३ ने सुरू व्हायला पाहिजे, सांबरशिंग असेल तर ५ ने. आकडा एक आणि मूठ दुसरीच असं असेल तर पुढे काही बघूच नका. सगळं जुळलं तरी इतक्या महाग मालाला परत घ्यायची लेखी हमी मागा, देत नसेल तर सरळ ठिपकेवाला घ्या, नवऱ्याला तो पण आवडेल.

प्रश्न : फ्रान्सहून मित्राने लायोल चाकू आणलाय, पाठीवर मधमाशी आहे. मधमाशी असली की ओरिजिनल असं ऐकलं, खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. लायोल हे फ्रान्समधलं एक गाव आणि चाकूची एक घडण, एका कंपनीचा ब्रँड नाही, आणि मधमाशीवर कोणा एकाचा हक्क नाही. तीच मधमाशी लावलेले चाकू तिएर शहरातही बनतात आणि चीन-पाकिस्तानातही. पात्यावर कारखान्याचं नाव आहे का बघा, नुसतं लायोल लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. मग मधमाशी जिथे स्प्रिंगला टेकते तिथे भिंग लावा. चांगल्या कामात ती स्प्रिंगच्याच लोखंडातून घडवलेली असते, स्वस्त मालात वेगळी करून वेल्डिंगने चिकटवतात आणि तो जोड बुडाशी रेघेसारखा दिसतो.