शाळेला खोल्या वाढवून हव्यात, सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं गाव चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात येतं. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी शाळा आहे, खोल्या चार, त्यातली एक गळते म्हणून बंद. मागच्या काही वर्षांत चाळी उठल्या, कामगारांची पोरं आली आणि पट १६८ वर गेला, शिक्षक मात्र तीनच. दुसरीचा वर्ग व्हरांड्यात, पाऊस आला की मारुतीच्या देवळात. प्रभारी मुख्याध्यापक म्हणतात आता बाहेरची मुलं घ्यायची नाहीत. गावातले काहीजण म्हणतात वर्गणी काढू आणि स्लॅबवर दोन खोल्या चढवू. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. काय करावं?
– एक पालक, ता. खेड

उत्तर : दादा, सगळ्यात आधी ते बाहेरची मुलं न घेण्याचं थांबवा. एक तर शिक्षणहक्क कायद्यात ते बसत नाही, वयाचा दाखला नाही किंवा उशिरा आला म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, आणि चाळीत राहतो तो बाहेरचा कसा? दुसरं म्हणजे यात तुमच्याच शाळेचं नुकसान आहे. जे पोरगं दाखल झालं नाही ते कागदावर नाही, आणि कागदावर पट नसेल तर ना शिक्षक वाढणार ना खोली. गर्दी झाली म्हणून दार लावून घेतलेल्या शाळेची गर्दी वर कुणाला दिसतच नाही ना.

आता हिशोब बघा. त्याच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला १२१ ते २०० मुलांमागे पाच शिक्षक, १५० च्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा, आणि दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, शिवाय ऑफिस. म्हणजे १६८ ला पाच खोल्या हव्यात, तुमच्याकडे चालू तीन. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर करायची त्याचे, निकष बदललेत, तेव्हा किती पदं मिळतील ते केंद्रप्रमुखांकडून त्या निकषांवर काढून घ्या. पण पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधारची पडताळणी झालेल्या मुलांवर, आणि खरी मेख इथेच आहे. कामगारांच्या मुलांची आधारं अर्धवट असतात, नाव एक स्पेलिंग एक, जन्मतारीख दुसरीच, वडील शिफ्टला आणि आई गावाकडे. अशी वीस-पंचवीस पोरं वर्गात रोज बसतात पण मोजणीत नसतात. खोलीसाठी आमदारांच्या मागे फिरण्याआधी समितीने जुलै-ऑगस्टमध्ये चाळीत जाऊन ही कागदपत्रं नीट करून घेतली तर ते जास्त कामाचं आहे.

मग शाळा विकास आराखडा. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीनेच करायचा असतो, तीन वर्षांचा, पुढे किती मुलं येतील, किती शिक्षक, किती खोल्या लागतील ते लिहून. बऱ्याच ठिकाणी तो मागच्या वर्षीचा कॉपी करून फाइलला लावतात, तसं करू नका. तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तुम्ही बसून लिहा, अंगणवाडीतून पुढच्या जूनला किती येणार ते सेविकेला विचारा. सोबत ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि त्या गळक्या खोलीचा निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढून पाडायचा प्रस्ताव. ती खोली कागदावर जिवंत आहे तोवर तुमच्याकडे चार खोल्या आहेत असंच धरणार, आणि पाडायची परवानगी लवकर मिळत नाही म्हणून ते काम आजच सुरू करा. पैसा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार निधीतून येऊ शकतो, जवळच्या कंपन्यांच्या सीएसआरमधूनही, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून. पण कंपनी खोली देईल, शिक्षक देणार नाही, म्हणून पट आधी.

वर्गणीतून स्लॅबवर खोल्या? नको. जुन्या शाळांच्या भिंती बऱ्याचदा लोड-बेअरिंग असतात, म्हणजे छताचा सगळा भार भिंतींवरच असतो, वरचा मजला पेलतीलच असं नाही, आणि इमारत जिल्हा परिषदेची आहे, बांधकाम विभागाच्या इंजिनिअरने तपासल्याशिवाय वीटसुद्धा चढवू नका. तोवर दोन सत्रांत शाळा भरवता येते का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा, देवळापेक्षा बरं. आणि तुमच्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळालाय, समितीला घेऊन एकदा जाऊन या, गाव शाळेच्या मागे कसं उभं राहतं ते बघायला मिळेल.

प्रश्न : आमच्या जवळची शाळा नव्या खोल्यांसाठी प्रवेशाच्या वेळीच 'ऐच्छिक देणगी' मागते. द्यावी का?
– एक आई, शिरूर

उत्तर : ताई, प्रवेश आणि देणगी एकाच टेबलावर आली की ती ऐच्छिक राहत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीशिवायची देणगी, घेता येत नाही, घेतली तर त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. शाळेसाठी द्यायचंच असेल तर प्रवेश होऊ द्या, मग समितीच्या खात्यावर चेकने द्या, पावती घ्या, आणि तो पैसा कशावर खर्च झाला ते पालकसभेत विचारा. प्रवेश अडवला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, पोच घेऊन.