मूल बरं असतं, म्हणूनच तपासणी राहते

मुलीची नऊ महिन्यांची तपासणी राहिली, मग वर्षाचीही राहिली, आता ती दीड वर्षाची झालीय आणि दवाखान्यात फोन करायलाही लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, "आम्ही इतके बेफिकीर कसे?" मी अकरा वर्षं एका बालरोगतज्ज्ञांकडे रिसेप्शनला होते. चुकलेल्या अपॉइंटमेंटचं रजिस्टर माझ्याच हातात असायचं. त्यात बेफिकीर आईबाप फार थोडे सापडले.

तापाने फणफणलेल्या मुलाला आणायची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. हसत-खेळत असलेल्या मुलासाठी रजा काढायची, मोठ्याला शाळेतून आणायची सोय लावायची, हे मात्र पुढच्या आठवड्यावर जातंच. लस असली की लोक येतात, "फक्त तपासणी" असली की गळतात. यात दवाखान्याचाही दोष आहे बरं का. दोन तास ताटकळायचं आणि आत पाच मिनिटांत "छान आहे" ऐकून बाहेर पडायचं. त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी डोक्याचा घेर मोजला, पाय फाकवून खुबे पाहिले, डोळ्यांत तिरळेपणा नाही ना ते बघितलं, वजनाची रेघ आधीच्या रेघेला धरून चाललीय का ते तपासलं. पण हे कुणी सांगतच नाही, मग घरच्यांना वाटतं, वजन तर आपणही करू शकतो.

दुसरं कारण सर्दी. "नाक वाहत होतं म्हणून आणलं नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! साध्या सर्दीत, अगदी किरकोळ तापातही, बहुतेक लसी देता येतात. तेव्हा परस्पर रद्द करू नका, फोन करून विचारा.

आठवणीचे मेसेज हा तर विनोदच. आमच्याकडे एका बाळाच्या फाइलवर वडिलांचा नंबर होता. मेसेज त्यांना जायचे, ते कामावर असायचे, संध्याकाळपर्यंत विसरायचे. तारीख लिहिलेलं कार्ड आईच्या कपाटात. तीन वेळा चुकल्यावर आम्ही दुसरा नंबर मागून घेतला. त्यानंतर त्यांची एकही चुकली नाही.

पण एकदा चुकलेली पुन्हा का चुकते? लाजेमुळे, आणि ती लाज आम्हीच लावतो. एक बाई बाळाला घेऊन आल्या, तेव्हा भरल्या वेटिंग रूममध्ये मी विचारलं, "मागच्या वेळी का नाही आलात?" काही न बोलता त्यांनी फाइल छातीशी धरली. पुढे वर्षभर त्या आल्या नाहीत. त्या मुलाच्या वाढीच्या तक्त्यावर ओळीने ठिपके होते, आणि मग लांबलचक कोरी जागा. ती जागा माझी, असं मी धरते. नंतर तो प्रश्न मी कुणालाच विचारला नाही.

तेव्हा उद्या फोन करा. कारणं देत बसू नका. "मुलगी दीड वर्षाची आहे, शेवटची तपासणी अमुक महिन्यात झाली" एवढं पुरे. लसींचे डोस राहिले असतील तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले तेवढे घेतात. वेळ मागताना सकाळची पहिली मागा, थांबावं लागत नाही. दोघांचेही नंबर द्या आणि निघण्याआधी पुढची तारीख घ्या. कुणी फोनवर टोमणा मारलाच तर तो त्यांच्यापाशी ठेवा.

या वयात वजन-उंचीपेक्षा बोलण्या-वागण्याचे प्रश्न जास्त विचारतात. तेवढं आधी घरी बघून ठेवा: आधाराशिवाय चालते का, किती शब्द येतात, नावाने हाक मारली की वळते का, आणि खिडकीबाहेर काही दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे बघते का.