ठेवलेलं पिल्लू फुकट नसतं

फोंड्याच्या एका वाचकाने लांब पत्र लिहिलंय, त्यातला मुख्य प्रश्न असा: "माझ्याकडे बॉल पायथनची (परदेशी पाळीव अजगराची) जोडी नव्हे, त्रिकूट आहे. एक अल्बिनो नर, एक साधी मादी, एक पेस्टल (उजळ पिवळसर रंगाची) मादी. यंदा दोघींची मिळून 11 पिल्लं झाली. साध्या दिसणाऱ्या पिल्लाला 5,000 आणि पेस्टलला 12,000 रुपये मिळतायत. पुढच्या ब्रीडिंगसाठी पाच ठेवायचा विचार आहे, तीन पेस्टल आणि दोन साध्या माद्या. पिल्लांचे टब ठेवायला नवा रॅक हवा, तो घ्यायला मुलीच्या कॉलेजसाठीची महिन्याला 3,000 रुपयांची आरडी बंद करू का?"

आरडीला हात लावू नका. हा भाग इथेच संपला. आता पिल्लांकडे येऊ.

आधी कागद. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. आपल्याकडे तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर अनुसूची चारमध्ये येतो. 28 फेब्रुवारी 2024च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लांचा जन्म, हस्तांतरण, मृत्यू, सगळं त्यात आलं. तुमच्या तिन्ही मोठ्या सापांची नोंद नसेल तर पुढचं गणित वाचूच नका, आधी वन खात्याकडे जा. बिनकागदी पिल्लाची किंमत मी शून्य धरतो. (आणि कुळागरात सापडलेला आपला अजगर यात मोजायचा नाही, तो पाळणं गुन्हा आहे.)

"पाच ठेवतो" म्हणताना खिशातून काहीच गेलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ती पाच पिल्लं तुम्ही आजच्या भावाने स्वतःकडूनच विकत घेताय: 36,000 अधिक 10,000, म्हणजे 46,000 रुपये. उंदीर आणि वीज मिळून एका पिल्लामागे महिन्याला 400 रुपये लागतात, हा तुमचाच आकडा. मादी वयात यायला साधारण तीन वर्षं धरा, वजनही दीड किलोच्या आसपास व्हावं लागतं. तीन वर्षांत पाच पिल्लांच्या खाण्यापिण्याचेच 72,000 होतात. एकूण 1,18,000. तुमच्या आरडीत तेवढ्याच काळात व्याज सोडून 1,08,000 जमतात. रॅक अजून धरलेलाच नाही.

मग काहीच ठेवू नये का? ठेवावं, पण कुठलं ते बघा. बाप अल्बिनो, म्हणून अकराही पिल्लांत अल्बिनोचा एक जीन आहे, दिसत मात्र कुणातच नाही. बाजारात अशा 'हेट'ला (जीन आहे पण दिसत नाही अशा पिल्लाला) भाव कमी, कारण घेणाऱ्याला बहुतेकदा तुमच्या शब्दावर विसंबावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न नाही. यातलं मादी पिल्लू मोठं झाल्यावर त्याच अल्बिनो नराशी लावलं तर सरासरी निम्मी पिल्लं अल्बिनो निघतील. म्हणजे जी वस्तू बाजार स्वस्तात मागतोय, तिची खरी किंमत फक्त तुम्हालाच माहीत आहे. ठेवायची ती हीच.

पेस्टलचं उलट. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून आजच पूर्ण भाव मिळतो. शिवाय त्याची एक प्रत पुरते; कुणीही एक पेस्टल नर नेला की त्याच्या घरी निम्मी पिल्लं पेस्टल. असा मॉर्फ, म्हणजे रंगप्रकार, लवकर स्वस्त होतो.

आकड्यांत सांगतो. साध्या मादीचे आजचे 5,000 रुपये 7 टक्क्यांनी तीन वर्षांत 6,125 झाले असते. त्यात 14,400चं पालनपोषण, म्हणजे 20,525. पेस्टल मादीचं हेच गणित 29,100वर जातं. अल्बिनो पिल्लाला आज 20,000 मिळतात असं तुम्ही लिहिता. तीन वर्षांनी मी निम्मे धरतो, कारण आज तुमच्यासारखेच सगळे माद्या मागे ठेवतायत. पाच अंड्यांतून दोन अल्बिनो निघाले तर 20,000. पहिल्या खेपेत जेमतेम मुद्दल सुटलं. नफा दुसऱ्या खेपेपासून, आणि मादी दरवर्षी अंडी देईलच असं नाही.

म्हणून दोनच ठेवा: एक साधी मादी, एक पेस्टल मादी (अल्बिनोचा जीन तिच्यातही आहेच), दोन वेगवेगळ्या आयांच्या. पेस्टल नर सगळ्यात देखणा आहे असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तोच विका. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो आणि तुमच्याकडे तो आहे. बापलेकीची जोडी मात्र एकदाच लावायची. पुढच्या पिढीसाठी बाहेरचा नर घ्या, जमलं तर अदलाबदलीत, तीही नोंदवून. दोन पिल्लांना नवा रॅक लागत नाही, दोन टब पुरतात.

विक्रीचे पैसे शेतीचं उत्पन्न म्हणून करमुक्त होत नाहीत, व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवा. चवथीच्या खर्चाला त्यातले काही लागणार हेही मला माहीत आहे. तरी घाई नको. पहिली कात टाकून, सलग चार-पाच वेळा न कुरकुरता उंदीर खाल्ल्याशिवाय कुठलंच पिल्लू विकू नका, आणि त्याच्या टबावर 'ठेवायचं' अशी चिठ्ठीही लावू नका. लिंग जाणत्या हाताकडून तपासून घ्या. तुम्ही निवडलेली साधी मादी खायला नखरे करत असेल तर तिची बहीण ठेवा.