जोडलेली पित्तनलिका आणि ‘टायफॉईड’चा ताप

पित्ताशय दुर्बिणीतून काढताना साधारण 1000 मागे 3 ते 5 जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते. इजा मोठी असेल तर लहान आतड्याची वळी वर आणून नलिकेला शिवतात. डिस्चार्ज कार्डावर ‘हिपॅटिकोजेजुनोस्टॉमी’ लिहिलेलं असतं ते हेच; खाली ‘जोड’ म्हटलंय तोही हाच. टाके निघाले म्हणजे विषय संपला, या समजुतीची पत्रं थांबत नाहीत, म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘यकृतातील नलिकांत हवा’ असं आलंय. धोका आहे का?
उत्तर : नाही. आतडं जोडलंय, त्यातून हवा वर जाते.

प्रश्न : हळद बंद करू का?
उत्तर : नको.

प्रश्न : वडिलांचा जोड तीन वर्षांपूर्वी केला. दर दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप येतो. टायफॉईड म्हणून सलाईन-इंजेक्शनं दिली की उतरतो. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) 0.9, म्हणजे नॉर्मल आहे. म्हणजे जोड ठीकच ना?
उत्तर : तसं अजिबात धरू नका. जोड असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला की तो पित्तनलिकेतला संसर्ग, म्हणजे कोलँजायटिस, असं समजूनच तपासायचं, मलेरिया-टायफॉईड नंतर. जोड आकसला की पित्त तुंबतं, त्यात आतड्यातले जंतू वाढतात आणि रक्तात उतरले की हुडहुडी भरते. अँटिबायोटिकने जंतू दबतात, अडथळा जागच्या जागी राहतो. म्हणून तर ताप ‘परत’ येतो! एकट्या विडाल टेस्टवर (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) टायफॉईड ठरवू नये. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) घ्यायला सांगा.

बिलिरुबिनवर विसंबू नका. यकृताच्या एकाच बाजूची नलिका अडली तर दुसरी बाजू काम रेटते आणि डोळे पांढरेच राहतात. आधी वाढतं ते यकृताच्या रक्ततपासणीतलं अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी. रिपोर्टात हे आकडे असतात, पण ते कुणी वाचत नाही.

अनुभवी सर्जनने केलेला जोड दहापैकी आठ-नऊ जणांत टिकतो. आकसणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिल्या पाच वर्षांत आकसतो, क्वचित दहा वर्षांनंतरही. वडील ऐन त्या काळात आहेत. वर्षानुवर्षं पित्त तुंबत राहिलं तर यकृत निबर होतं, प्लीहा वाढते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होते. तिथून मग प्रत्यारोपणाचीच भाषा सुरू होते. याच आठवड्यात एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून यकृत-पित्तमार्गाच्या सर्जनला दाखवा. तापासोबत कावीळ, बरळणं किंवा बीपी उतरणं दिसलं तर त्याच दिवशी दाखल करा.

प्रश्न : जोड आकसला तर तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट का टाकत नाहीत?
उत्तर : वाट बदललीय. जोडापर्यंत पोचायला 40 ते 60 सेंटिमीटरची आतड्याची वळी ओलांडावी लागते; नेहमीची दुर्बीण तिथे पोचत नाही. त्यामुळे बरगड्यांमधून यकृतात सुई घालून फुग्याने जोड रुंदावतात आणि नळी काही आठवडे-महिने ठेवतात. हे अनेकदा करावं लागतं. तरीही आकसत राहिला तर पुन्हा ऑपरेशन. काय योग्य, ते सर्जन आणि रेडिओलॉजिस्टने एकत्र एमआरसीपी बघून ठरवावं.

प्रश्न : डोळे पिवळे दिसतात. गावात कावीळ उतरवणारे आहेत, माळ घालतात, नाकात थेंब सोडतात. आधी तिकडे जाऊ?
उत्तर : नाही! माळेतल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. कावीळ त्यात उतरत नाही. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. तुमचा जोड आहे, त्यामुळे तुमची अडथळ्याची असू शकते. लघवी गडद, शौच पांढुरकं आणि अंगाला खाज असेल तर उद्याची वाटसुद्धा बघू नका.

प्रश्न : लॅबवाले दर तीन महिन्यांनी ‘लिव्हर पॅकेज’ घ्या म्हणतात. सोबत डिटॉक्सची पावडरही देतात.
उत्तर : पावडर त्यांनाच परत करा. नलिका अरुंद झाली तर ती पावडरीने रुंदावत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी साधी एलएफटी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहामाही, नंतर दरवर्षी, आयुष्यभर. सोनोग्राफी वर्षातून एकदा. एमआरसीपी शंका आली तरच. तुमच्या सर्जनने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा.

प्रश्न : ऑपरेशनचे कागद हरवले.
उत्तर : हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोटची प्रत लेखी अर्ज करून मागा. इजा किती उंचीवर होती, किती नलिका जोडल्या आणि यकृताची उजवी रक्तवाहिनीही कापली गेली होती का, हे पुढच्या सर्जनला त्यातूनच कळतं.