पगारी रजा नवऱ्याच्या पे-स्लिपवर आहे

प्रश्न: मी न्यूयॉर्क राज्यात एका टाउनच्या कार्यालयात नोकरी करते. पद व्यवस्थापनातलं, त्यामुळे युनियनमध्ये नाही. पगार 78,000 डॉलर. नवरा खासगी कंपनीत, 1,20,000. सप्टेंबरमध्ये बाळ येतंय. युनियनबाहेरच्या सरकारी कर्मचाऱ्यांना 12 आठवडे पूर्ण पगारी रजा मिळते असं वाचलं. ती सलग घ्यावी की दोन-दोन दिवस पुरवून? बचत 6,000 डॉलर आहे. मंडळातल्या एका ओळखीच्यांकडून घेतलेली आययूएल पॉलिसीही (शेअर निर्देशांकाशी जोडलेला, रक्कम साठवणारा आयुर्विमा) आहे: हप्ता महिना 800, तीन वर्षं झाली, आज मोडली तर 13,000 मिळतील. अडचणीत त्यावर कर्ज मिळेल, असं ते म्हणतात.

उत्तर: सलग की पुरवून हे नंतर बघू. आधी पे-स्लिप काढा आणि पेड फॅमिली लीव्हची (राज्याच्या विमायोजनेतली पगारी कौटुंबिक रजा) कपात दिसते का ते तपासा. नसेल, तर बहुधा तुम्हाला ही रजाच नाही.

तुम्ही वाचलेली घोषणा गव्हर्नर होकुल यांनी 2023 मध्ये केली, पण राज्य सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. तुमचा पगार टाउन देतं. 2018 पासूनची पेड फॅमिली लीव्ह खासगी मालकांना सक्तीची आहे. टाउन, काउंटी यांना ऐच्छिक. युनियनवाल्यांचं करारात ठरतं. तुमच्या वतीने भांडणारं कोणी नाही, टाउनलाच सुचावं लागतं. (बाळंतपणात मिळणारे राज्याच्या डिसॅबिलिटी विम्याचे आठवड्याला 170 डॉलरही टाउनला ऐच्छिकच.) उरते एफएमएलए, म्हणजे केंद्रीय कायद्याची कौटुंबिक रजा: नोकरी आणि आरोग्य विमा शाबूत, पगार शून्य. तीही 75 मैलांच्या आत टाउनचे किमान 50 कर्मचारी असतील तरच.

आठवड्याला 1,500 धरले तर 12 आठवड्यांचं भगदाड 18,000 डॉलरचं. साठलेली सिक लीव्ह आणि सुट्टी त्यातून वजा करा.

आता नवरा. पत्रात त्याच्या रजेचा उल्लेखसुद्धा नाही! तो न्यूयॉर्क राज्यात काम करत असेल तर ही रजा त्याला हक्काने आहे. त्यासाठीचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जातात; 2025 मध्ये वर्षाला साडेतीनशेच्या आसपास डॉलर होते. पगाराच्या 67 टक्के, पण 2025 च्या मर्यादेने आठवड्याला सुमारे 1,177. बारा आठवड्यांचे 14,000 होतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही घेता येते. तुमची रजा संपली की त्याची सुरू करा. मालकाला 30 दिवस आधी कळवायचं, एवढंच.

आणि ती पॉलिसी. 36 हप्ते म्हणजे 28,800 भरलेत, हातात 13,000. कर्ज मिळेल ते या तेराच्या तारणावर, वर व्याज. विकताना दाखवलेला तक्ता हा अंदाज असतो. खर्च मात्र दरमहा न चुकता कापला जातो. बचत सहा हजारांवर अडकली ती या हप्त्यामुळे. आधी दोघांचा साधा टर्म विमा घ्या, तो मंजूर झाल्यावरच ही मोडा. तोट्यात असल्याने कर बसू नये. तेरा आणि सहा मिळून एकोणीस: भगदाड बुजलं. सुटलेले 800 बाळ येईपर्यंत बचतीत टाका, मग तुमच्या 457(बी) या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती-बचत खात्यात. मंडळातल्या गृहस्थांचं तोंड आंबट होईल, होऊ द्या.

टाउनने योजना घेतलेली निघालीच, तर मूळ प्रश्नाचं उत्तर: पाच दिवसांच्या आठवड्यात 60 सुटे दिवसही घेता येतात. पहिले आठ आठवडे सलग घ्या, उरलेले 20 दिवस पाळणाघराच्या सुरुवातीला. तेव्हा बाळ सारखं आजारी पडतं.