मुलाला क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण येणारा जुनाट आजार) आहे. औषधं चालू ठेवावीत की ऑपरेशन करावं?

ऑपरेशनने क्रोन्स मुळापासून जात नाही. आतडं जोडलेल्या जागीच तो बहुधा परत येतो. म्हणून सुरुवात औषधांनी. सौम्य ते मध्यम आजारात 6 ते 8 आठवडे फक्त द्रव पोषण-आहार, पोळी-भात पूर्ण बंद. कठीण आहे, पण सूज स्टेरॉइडइतकीच उतरते आणि वाढ खुंटत नाही. भगंदर, खोल व्रण किंवा उंची थांबलेली असेल तर इन्फ्लिक्सिमॅब (शिरेतून द्यायचं, सूज रोखणारं औषध) लवकर: किलोमागे 5 मिग्रॅ, 0, 2 आणि 6 व्या आठवड्यात, मग दर 8 आठवड्यांनी. लहान मुलांना अनेकदा जास्त लागतं. आपल्याकडे त्याआधी क्षयाची तपासणी हवीच. आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसतो आणि सुप्त टीबी या औषधाने उसळतो.

लहान आतड्याच्या टोकाला व्रण भरून आतडं अरुंद झालं, वरचा भाग फुगला, उलट्या होतात? तो चट्टा औषधाने सैल होत नाही, तिथे बहुतेकदा ऑपरेशनच. आजार तेवढ्याच भागात असेल आणि उंची अडली असेल तर वयात येण्याचा काळ संपण्याआधी करा. नंतर ती भरून निघत नाही. पोटात गळू असेल तर आधी निचरा आणि अँटिबायोटिक्स. कुपोषण, स्टेरॉइड चालू असताना जोड गळण्याचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर 6 ते 12 महिन्यांत कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी), शिवाय बी-12 वर लक्ष.