रोज वचन वाचूनही आत्मा उपाशी का?

"मॅडम, रोज शास्त्र वाचते, प्रार्थना करते, उपासना चुकवत नाही. तरी आतून कोरडीच." पुण्यात खडकीपासून वडगाव शेरीपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली माणसं सल्ल्यासाठी माझ्याकडे येऊन हेच सांगतात. उपाय म्हणून बहुतेकांनी वाचन वाढवलेलं असतं, उपास धरलेले असतात.

मी आधी झोप आणि जेवण विचारते. कोरडेपणा म्हणतात ते कधी नैराश्य असतं, आणि तिथे डॉक्टरच लागतो.

घोरपडीच्या एका परिचारिकेचं तसं नव्हतं. पाच भेटींत तिने मला वचनावरच्या मननाच्या वह्या दाखवल्या. सहाव्या भेटीत मी विचारलं, "यात प्रभूने तुम्हाला काही करायला सांगितलंय, असं कुठे आहे?"

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग वही मिटून म्हणाली, "जाऊबाईंचं आहे. चार ठिकाणी."

सासूबाईंच्या पाटल्या हरवल्या, तेव्हा हिने चारचौघांत जावेवर संशय घेतला होता. पाटल्या पुढे कपाटातच सापडल्या. माफी मागायची राहिली, त्याला चार वर्षं झाली.

"मनापासून वाटलं की जाईन."

"वाटायची वाट पाहू नका. आधी जा."

माझा यावर ठाम विश्वास आहे. भावना पुष्कळदा कृतीच्या मागून येते. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. निराधार स्त्रिया-मुलींना आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. आधी स्वतःचं दुःख निवू दे, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "गेले होते. जाऊबाईंनी चहा दिला, बोलल्या नाहीत फारशा. मला वाटलं होतं, गळ्यात पडतील." मग थांबून, "पण रात्री घरी येऊन पर्स उघडली तर दुपारचा डबा तसाच. भुकेची आठवणच झाली नाही."

मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून तिच्यापुढे ठेवला. शिष्य सूखार गावातून अन्न आणतात, जेवायचा आग्रह करतात; आणि विहिरीपाशी थकून बसलेला येशू म्हणतो, मला पाठवणाऱ्याची इच्छा पूर्ण करणं हेच माझं अन्न. संडे स्कूलपासून ऐकलेला भाग. त्या दिवशी तिचं बोट त्या ओळीवरून हलेना. मलाही तेव्हाच लख्ख दिसलं, की वाचन म्हणजे ताट वाढणं. घास ते वचन पाळण्यात आहे. त्यानंतर अनेकांना मी याच वाटेने नेलं.

म्हणून नवं वचन शोधण्याआधी, कळूनही राहिलेली एक गोष्ट निवडा. लहानशी. दिवस ठरवा. देवाचं प्रेम मिळवायला नव्हे. ते कृपेने आधीच मिळालेलं आहे. आणि मार खाणाऱ्या बाईला कुणी "आज्ञा पाळ" म्हणत असेल, तर ती देवाची आज्ञा नव्हे. तिथे मी आधी तिची सुरक्षितता बघते.

ती आता वहीचं उजवं पान कोरं सोडते, केलेलं लिहायला. परवा दाखवलं: "नाताळचा फराळ घेऊन गेले. या वेळी जाऊबाई 'बस' म्हणाल्या."